होकिआंगाच्या ओढ्यातलं डॉगवुड

पुण्यात परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका विचारताहेत, "न्यूझीलंडला काय काय पाहिलंत?" त्यांना बर्फाचे डोंगर, निळी तळी आणि मेंढ्या हव्या असतात. तेही सगळं पाहिलं. फोटो आहेत, कुणी निवांत बसणार असेल तर दाखवीन. पण मला सांगायचंय ते एका ओढ्याबद्दल. त्या ओढ्यात आम्ही चार माणसं कमरेत वाकून झाडांची पानं फाडत होतो, आणि आमच्यातली एक बाई प्रत्येक पान फाटताना श्वास रोखून धरत होती.

हेन्डरसन

सुरुवात माझ्या बढाईने झाली, हे आधीच कबूल करते. माझी मुलगी केतकी ऑकलंडच्या पश्चिमेला हेन्डरसनमध्ये राहते. तिच्याकडे एका रविवारी ऑफिसातली मंडळी बार्बेक्यूला आली होती. बार्बेक्यू म्हणजे अंगणात शेगडी पेटवायची, पुरुषांनी तिच्याभोवती उभं राहून गप्पा मारायच्या आणि बायकांनी आत कोशिंबिरी करायच्या. आपल्याकडच्या हुरडा पार्टीत आणि यात फरक एवढाच, की इथे शाकाहारी माणसाच्या वाट्याला मक्याचं कणीस आणि सहानुभूती येते.

मी दुसरं कणीस खात होते तेव्हा ग्रँट नावाचा केतकीचा सहकारी सांगू लागला, की उत्तरेला होकिआंगा खाडीजवळ त्याची मावशी शर्ली राहते आणि तिच्या ओढ्यात डॉगवुड माजलंय की नाही यावरून सगळ्या खोऱ्यात वाद चाललाय. फोनमधलं ॲप एकदा एक नाव सांगतं, दुसऱ्यांदा भलतंच. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. असं काही कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही.

"डॉगवुड? डोळे बांधून ओळखीन," मी म्हणाले. "एक पान हातात द्या फक्त."

केतकीने मला टेबलाखालून चिमटा काढला. तोवर उशीर झाला होता.

डॉगवुडला मराठीत नाव नाही, कारण ते आपल्या सह्याद्रीत होत नाही. ही थंड मुलखातली झाडं, आणि त्यांच्या जाती पुष्कळ. त्यातली एक आपल्या हिमालयातली. कुमाऊंत तिला भमोरा म्हणतात. फुलांभोवती पाकळ्यांसारखी दिसणारी चार पिवळसर पानं असतात आणि थंडीच्या तोंडाला लालभडक, खरबरीत, लिचीएवढी फळं लटकतात. ती इतकी देखणी की साहेबलोकांनी ती जगभर बागांतून लावली. न्यूझीलंडची हवा भमोऱ्याला मानवली आणि पक्ष्यांना त्याची फळं मानवली. मग काही ठिकाणी तो कुंपणाबाहेर पडला. आपल्याकडे घाणेरी अशीच बागेची शोभा म्हणून आली आणि डोंगरच्या डोंगर खाऊन बसली, हे सांगितलं की आपल्या माणसाला लगेच कळतं.

ग्रँटने सांगितलं ते असं. शर्लीच्या घराच्या उतारावर एक मोठं डॉगवुड आहे, तिच्या नवऱ्याने, बिलने, लावलेलं. बिल आता नाही. खोऱ्यातली माणसं मिळून ओढ्याकाठी मूळचं देशी जंगल परत वाढवताहेत. त्या ओढ्यात हल्ली गुडघाभर, कमरेभर उंचीची खूप झुडपं उगवली आहेत. ती देशी असतील तर आनंदच आहे. पण ती शर्लीच्या झाडाची पिलावळ असेल, तर ते झाड उभं आहे तोवर कितीही उपटा, दरवर्षी नवी येणार. शर्ली सगळ्यांना सांगून चुकली होती, "माझ्या झाडाची आहेत हे सिद्ध करा, मी स्वतः झाड तोडायला सांगेन." आणि सिद्ध कुणी केलं की म्हणायची, "मला नाही पटत."

दुसऱ्याच दिवशी तिचा निरोप आला, की त्या इंडियन बाईंना येता येईल का, झाड त्यांच्याकडचंच आहे म्हणतात.

"आता जा आणि ओळख," केतकी म्हणाली. "आणि आई, ओळखलंस तर तिचं झाड जाणार. रिअलाइज होतंय ना तुला?"

नऊ वर्षांच्या नातीने, इराने, टॅबवरून मान न उचलता निकाल दिला, "आजी, इट्स जस्ट अ ट्री." आमचे हे म्हणाले, त्यांना क्रिकेटची मॅच आहे, ते इराला सांभाळतील. कोण कुणाला सांभाळणार होतं ते मी विचारलं नाही.

डार्गाविल आणि वाईपोआ

आम्ही दोघी मायलेकी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी निघालो. एप्रिल म्हणजे तिकडचा शरद. आदल्या दिवशी मी केतकीला ऑकलंडमधल्या भारतीय दुकानांच्या भागात, पापाटोएटोला, पिटाळून जिरं, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या आणि चहाचा मसाला आणवला होता. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि उपाशी राहायची वेळ येऊ द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी एका पिशवीत बसतात.

डार्गाविल हे नदीकाठचं गाव रताळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. रताळ्याला तिथे कुमरा म्हणतात आणि त्याचा काय तो थाट! लाल, सोनेरी, केशरी अशी तऱ्हेतऱ्हेची रताळी रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर गोणीने विकायला. आपण रताळ्याची आठवण आषाढीला आणि महाशिवरात्रीला काढतो, मग वर्षभर त्याचं तोंड पाहत नाही. तिथे ते रोजच्या जेवणात मानाने बसतं. मी एवढी मोठी गोण घेतली की केतकी म्हणाली, "आई, आपण एका रात्रीसाठी चाललोय. हीप्स झाली ही, ढीगभर."

पुढे वाईपोआचं जंगल लागलं. कौरी नावाच्या अजस्र झाडांचं हे जंगल. एकेक खोड इतकं रुंद की त्याच्या आडोशाला आमची कॉलनीतली भिशी बसू शकेल. या झाडांना मातीतून एक रोग होतो. म्हणून पायवाटेच्या तोंडाशी बूट घासून, औषधाने धुऊन मगच आत सोडतात. ही व्यवस्था मी लांबून पाहिली. ओळीने लोक वाकून पायांशी काहीतरी करताहेत, समोर उंच, काळोखं, शांत काहीतरी उभं आहे. माझे हात आपोआप सँडलच्या पट्ट्याकडे गेले. सँडल काढले, कडेला नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी आत निघाले.

तिथे देखरेखीला उभी असलेली बाई धावत आली. "थांब, थांब! तुझे शूज?"

"बाहेर काढले," मी म्हणाले. "आत घाण जायला नको ना?"

तिने माझ्या सँडलकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मग अतिशय समजुतीने म्हणाली, "पण माती पायांनाही लागते, डार्लिंग. आम्हाला स्वच्छ बूट हवेत. बूटच नकोत असं नाही."

केतकी मागे गाडीला टेकून पोट धरून हसत होती. वास्तविक त्या देशात माणसं दुकानात, बँकेत अनवाणी फिरतात, कुणाला काही वाटत नाही. जंगल हे एकच ठिकाण असं निघालं जिथे मला अनवाणी जाता येईना. मी सँडल घासले, धुतले, घातले आणि सगळ्यांत शुचिर्भूत पावलांनी आत गेले.

आत गेल्यावर मात्र आमचं हसू मावळलं आणि माझी मान वर ती वरच राहिली. एका जुन्या कौरीच्या खांद्यावर पुका नावाचं चकचकीत पानांचं झाड बसलं होतं, त्याची मुळं दोरखंडासारखी खाली लोंबत होती. माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकात पुका डॉगवुडच्या कुळात होता. मी कितीतरी मुलींकडून तो पाठ करून घेतला. नंतर शास्त्रज्ञांनी घर वाटून टाकलं, पुकाला बाहेर काढलं आणि आपल्या कोकणातल्या अंकोलाला त्या कुळात आणून बसवलं. म्हणजे मी पुस्तकात वाचलेला नातेवाईक परका निघाला आणि ज्याच्या बिया लहानपणी खेळायला घेतल्या तो सख्खा चुलत. मी हे केतकीला उत्साहाने सांगत होते आणि ती "हं, हं" म्हणत होती. तिच्या लहानपणापासून ती हे "हं, हं" म्हणते.

होकिआंगा, संध्याकाळ

शेवटच्या चढावरून गाडी उतरली आणि होकिआंगा दिसली. ही समुद्राची लांबच लांब खाडी. पलीकडच्या काठावर सोनेरी वाळूचे डोंगरच्या डोंगर, अलीकडे हिरव्या टेकड्या. सूर्य मावळत होता. वाळू केशरी झाली, मग गुलाबी. आम्ही गाडी थांबवून उगाच उभ्या राहिलो आणि त्यामुळे शर्लीकडे पोचायला उशीर झाला.

शर्लीचं लाकडी घर टेकडीच्या पोटाशी होतं. ती फाटकातच उभी होती. सडपातळ, पांढरे आखूड केस, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, वय माझ्याहून थोडं अधिक. "किया ओरा, किया ओरा, या!" असं तिकडचा माओरी नमस्कार करत म्हणाली. आणि चहा नाही, पाणी नाही, हातात टॉर्च घेऊन उतारावर चालायला लागली. "आधी ते उरकून टाकू. मला झोप लागणार नाही."

झाड घराच्या अगदी पुढ्यात होतं. चांगलं दुमजली उंच, गोल, डेरेदार. पानांपानांत लाल फळं. अंधुक उजेडातही मला शंका राहिली नाही. हा भमोराच. कुमाऊंच्या सहलीत पाहिला होता तस्साच. या झाडाबद्दल वाद नव्हताच म्हणा. वाद होता खालच्या ओढ्यातल्या झुडपांचा.

शर्लीने ओढ्याच्या काठावरची एक फांदी वाकवून माझ्यापुढे धरली, टॉर्च मारला. "हं. पान हवं होतं ना तुला? घे."

माझा हात पुढे गेला आणि थांबला. आता हे वाचून माझे विद्यार्थी हसतील. झाड रात्री काय करतं हे मी फळ्यावर आकृती काढून आयुष्यभर शिकवलं आहे. पण दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, ती झोपलेली असतात, हे माझ्या हाताला माझ्या डोक्याच्या आधी शिकवलेलं आहे. आईकडे संध्याकाळी तुळशीचं पान औषधाला लागलं तरी सकाळपर्यंत थांबायचे.

"आत्ता नाही," मी म्हणाले. "सूर्य मावळला. आमच्यात रात्री झाडाचं पान तोडत नाहीत. झाड झोपलेलं असतं."

केतकी कपाळावर हात मारून घेण्याच्या बेतात होती. अडीचशे किलोमीटर गाडी हाकून तिने एका तज्ज्ञ बाईला आणलं होतं आणि तज्ज्ञ बाई हे सांगत होत्या.

शर्ली मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फांदी हळूच सोडली, जणू खरंच कुणी जागं होईल. टॉर्च विझवला. "छान पद्धत आहे," ती म्हणाली. "चल, जेवूया मग." आणि तिचे खांदे, जे फाटकापासून कानांपर्यंत चढलेले होते, ते खाली आले.

जेवण दोघींनी मिळून केलं. तिने भोपळा आणि रताळी ओव्हनमध्ये भाजली. मी बाकीची रताळी किसून, तुपाऐवजी लोण्यावर जिऱ्यामिरचीची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून कीस केला. तो खाऊन शर्ली म्हणाली, "इतकी वर्षं कुमरा खातेय, पण याने कधी मला असं उलट उत्तर दिलं नव्हतं," आणि घटाघटा पाणी प्यायली. मिरची जरा तिखट निघाली होती. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं. पण मनातल्या मनात मी तिला अहो-जाहो करत होते. जेवताना ती बिलबद्दल बोलायला लागली आणि मी केव्हा अगं-तुगंवर आले ते मलाच कळलं नाही.

"झाड माझ्यासाठीच लावलं त्याने," ती म्हणाली. "दुपारचं ऊन स्वयंपाकघरात थेट घुसायचं. मी एकदा कुरकुरले असेन. झालं! शनिवारी नर्सरीत गेला आणि हे घेऊन आला. बिल फार बोलायचा नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो खड्डा खणायचा."

तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून उन्हाची खिडकीही उत्तरेची. मला सबंध महिनाभर ही गोष्ट अंगवळणी पडली नव्हती.

"तो गेल्यावर माझा मुलगा म्हणाला, घर विकून शहरात ये. मी म्हटलं, झाडाला कोण बघेल?" शर्लीने ताटल्या गोळा केल्या. "अनु, ते झाड गेलं ना, तर मग या घरात त्याचं असं काय उरलं? कपडे तर मी कधीच देऊन टाकले. तुला खोटं बोल म्हणत नाहीये मी. फक्त सांगून ठेवतेय."

मी उठून ताटल्या विसळायला घेतल्या. बार्बेक्यूत मारलेली बढाई आता अंगाशी आली होती.

ओढा

सकाळी न्याहारीला विरेमू आला. खोऱ्यातल्या जंगलाचं काम तोच बघतो, आणि मोठी झाडं उतरवणं हा त्याचा धंदाच आहे. धिप्पाड, पन्नाशीचा, माओरी गृहस्थ. माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "मॉर्निंग, आंटी." परक्या देशात, ओळखपाळख नसताना, वयाकडे बघून आंटी! त्यांच्यातही वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात हे कळल्यावर मी त्याला लगेच मसाल्याचा चहा दिला.

आम्ही चौघं ओढ्यात उतरलो. एक चिमुकला पंखेशेपटी पक्षी आमच्या डोक्याभोवती नाचत सोबत आला. आमच्या चालण्याने किडे उडतात, ते तो खातो. मी गळ्यात भिंग अडकवलं आणि वर्ग सुरू केला.

"इथे करामू नावाचं तुमचं देशी झुडूप आहे," मी म्हणाले. "त्याची पानंही जोडीजोडीने येतात, चकचकीत असतात, फळंही लालसर. लहानपणी डॉगवुड आणि करामू जुळे भाऊ वाटतील. नुसतं बघून फसायला होतं. पण डॉगवुडला एक सवय आहे. त्याचं पान आडवं धरायचं, हळूच फाडायचं आणि दोन तुकडे अलगद लांब करायचे. शिरांमधून पांढरे, बारीक दोरे निघतात. खालचा तुकडा त्या दोऱ्यांवर लटकत राहतो. करामूचं पान सरळ तुटतं."

पहिलं झुडूप. मी पान फाडलं. सरळ दोन तुकडे, खालचा पाण्यात पडला आणि वाहत गेला.

"करामू!" शर्ली ओरडली.

दुसरं झुडूप. करामू. तिसरं, करामू. शर्लीचा चेहरा उजळत चालला होता. "बघ विरेमू, मी काय म्हणत होते?" तिने केतकीचा दंड धरून गदगदा हलवला. केतकीही खुलली, "स्वीट ॲज!" म्हणाली, म्हणजे तिकडचं झकास. माझं म्हणाल तर मीही मनात गणपतीला हात जोडले, की सगळी करामूच निघू देत.

चौथ्या झुडपाचं पान मी फाडलं. तुकडे लांब केले. खालचा अर्धा तुकडा पडला नाही. हवेत, कशालाही न धरता, माझ्या बोटांखाली झुलत राहिला. उन्हात पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरे.

 एका क्षणी माझ्या मनात आलं, की तुकडा जरा ओढला तर दोरे तुटतील आणि पान पडेल. कोण बघतंय? हा विचार खरोखर आला, लपवत नाही. पण शर्ली बघत होती. तिने सगळा नियम माझ्याच तोंडून ऐकला होता आणि तो तिला पक्का समजला होता.

"मला दे," ती म्हणाली. तिने स्वतः त्याच झुडपाचं दुसरं पान घेतलं. फार सावकाश फाडलं. अर्धं पान लोंबकळलं. मग तिसरं. मग पुढचं झुडूप, त्याच्यापुढचं. आता ती आमच्या पुढे निघाली होती, पान फाडायची, तुकडा हवेत धरायची, बघायची, टाकायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तिच्या झाडाच्या दिशेने, प्रत्येक पान लटकत होतं.

शेवटी ती एका दगडावर बसली. रबरी बुटांत पाणी शिरलं होतं, ते तिने ओतून टाकलं.

"बिलचीच पोरं आहेत," ती म्हणाली. "एकही ऐकत नाही."

विरेमू तिच्याशेजारी खाली बसला. "शर्ली, झाडाचा दोष नाही. त्याला इथे आवडलं एवढंच. घाई नाही. हिवाळा जाऊ दे."

"नको," शर्ली म्हणाली. "हिवाळाभर मी त्याच्याकडे बघत बसेन आणि परत तुम्हा सगळ्यांशी भांडायला लागेन. मला मी ठाऊक आहे. करवत गाडीत आहे का?"

होती.

झाड

आधी फळं उतरवायची ठरली, कारण फांद्या पडल्या की पक्ष्यांना आयतं ताट. आम्ही शिडी लावून, चादर अंथरून बादल्यांमागून बादल्या भरल्या. मी एक पिकलेलं फळ पुसून तोंडात टाकलं.

"अगं, विषारी असेल!" शर्ली किंचाळली. वर्षानुवर्षं झाडाखाली वावरून तिने एकदाही फळ चाखलं नव्हतं. मी सांगितलं की कुमाऊंतली पोरं हे खिसे भरभरून खातात. मग तिने एक खाल्लं. विरेमूने दोन खाल्ली. चव म्हणाल तर पाणचट सीताफळासारखी, मागून किंचित कडू. "म्हणजे न खाल्ल्यामुळे इतकी वर्षं फुकट गेली असं काही नाही," शर्लीने निर्वाळा दिला.

करवत सुरू करण्याआधी विरेमूने टोपी काढली, खोडावर तळवा ठेवला आणि त्याच्या भाषेत एक प्रार्थना म्हटली. जंगलातलं प्रत्येक झाड ताने या देवाचं, त्याला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, असं त्याने नंतर सांगितलं.

"परदेशातून आलेल्या झाडासाठीही?" मी विचारलं.

"झाड ते झाड, आंटी."

मी सँडल काढून बाजूला ठेवले आणि हात जोडले. या वेळी मला कुणी घालायला सांगितले नाहीत. आपल्याकडचं झाड इतक्या लांब येऊन, कुणाच्या तरी बायकोला सावली देऊन चाललं होतं. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. केतकीने माझा हात धरला होता. ती इतकी वर्षं त्या देशात आहे, पण हात धरताना ती अजून शाळेच्या फाटकातल्यासारखा घट्ट धरते.

शर्ली बघायला थांबली नाही. "मी भांडी घासते," म्हणून आत गेली. विरेमूने आधी वरच्या फांद्या उतरवल्या, मग खोड कापून, दोराने ओढून घरापासून लांब पाडलं. मोठा आवाज झाला, नाही असं नाही. मग करवत थांबली आणि ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. विरेमू बुंध्याच्या कापावर औषध फासायला बसला, नाहीतर धुमारे फुटतात.

तेवढ्यात आतून हाक आली. "अनु! केतकी! इकडे या! सगळे या!"

मला वाटलं, बाई कोसळली. मी धावत आत गेले. शर्ली मोरीपाशी उभी होती, फेसाने भरलेले हात कोपरापासून ठिबकत होते. तिच्यासमोरच्या खिडकीत, जिथे कालपर्यंत नुसती पानं होती, तिथे सबंध होकिआंगा भरली होती. निळं पाणी, पलीकडची सोनेरी वाळू आणि खाडीच्या वळणावर कुणाची तरी एक छोटी बोट.

"मी विसरलेच होते," ती म्हणाली. "अनु, मी हे साफ विसरले होते. लग्न होऊन आले तेव्हा तो मासेमारीला जायचा. इथून त्याची बोट दिसायची. ती त्या वळणावर आली की मी बटाटे उकडायला टाकायचे. तो दारात येईपर्यंत बटाटे तयार. रोज! किती वर्षं! आणि मग या गाढवाने मला सावली हवी म्हणून झाड लावलं, आणि त्याच्यामागे स्वतःच दिसेनासा झाला."

ती मोठ्याने हसली. डोळे पुसायला हात उचलला तर साबण डोळ्यांत गेला. मग आम्ही मायलेकींनी मिळून तिचे डोळे धुतले. विरेमू भुश्शाने माखलेले बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला. आम्ही चौघं त्या एवढ्याशा खिडकीशी दाटीवाटीने उभे राहिलो. बोट सावकाश वळण पार करून आमच्या बाजूच्या काठाकडे येत होती.

शर्लीने तिच्याकडे एकदा पाहिलं. पातेलं नळाखाली धरलं, पाण्याने भरलं आणि शेगडीवर ठेवलं. मग बटाट्यांची टोपली ओढून घेतली आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "किती जण आहोत आपण?"